पेस्ट लावायची आणि लगेच धुवायची?

रविवारची सकाळ म्हणजे नाशिककराला मिसळ. आणि मिसळ म्हणजे रांग. रांगेत उभं राहिलं की कानावर काय काय पडतं! मागच्या रविवारी माझ्या पुढे तीन पोरं होती. गळ्यात आयडी कार्ड नव्हतं, पण बोलण्यावरून आमच्याच जातकुळीतली. एकाचा रिलीज घसरलेला, दुसऱ्याला रात्री अमेरिकेचे कॉल. तिसरा एकदम ज्ञानी चेहरा करून म्हणाला, "स्ट्रेस घेऊ नको रे. सगळे रोग स्ट्रेसनेच होतात." झालं, विषय संपला. पुढचा मुद्दा एकदम तर्रीवर.

मी मात्र तिथेच अडकलो. कारण गेल्या वर्षी मीही हेच वाक्य बोललो होतो, आणि वर त्याच्यासाठी साडेअठराशे रुपये मोजले होते. आजची पोस्ट त्या साडेअठराशे रुपयांबद्दल.

माझी मावशी निफाड तालुक्यातली. घरची द्राक्षबाग आहे. गेल्या ऑगस्टमध्ये तिच्या मानेत गाठ आली, तपासण्या झाल्या आणि निदान निघालं बी-सेल लिम्फोमा. म्हणजे रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. उपचार ठरले 'आर-चॉप' नावाचे. पाच औषधांच्या आद्याक्षरांचं हे नाव, दर २१ दिवसांनी एक फेरी, एकूण सहा. केमो नाशकात, त्यामुळे दर फेरीला मावशी आणि काका दोन-तीन दिवस आमच्याकडे.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आपल्याला काही कळलं नाही की आपण काय करतो? सर्च करतो. रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो आणि पहिलाच साक्षात्कार असा की, आर-चॉपमधला 'ओ' म्हणजे व्हिन्क्रिस्टिन (जुन्या ब्रँडचं नाव ऑन्कोव्हिन, म्हणून ओ), आणि व्हिन्क्रिस्टिन येतं सदाफुलीतून. आपली सदाफुली! मावशीच्या ओट्याखाली उगवते, कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही, आणि बारा महिने देवाला फुलं पुरवते ती.

तिची गोष्ट तर भन्नाट आहे. १९५० च्या दशकात कॅनडामध्ये रॉबर्ट नोबल नावाचे संशोधक डायबेटिसवर औषध म्हणून सदाफुली तपासत होते. पानं त्यांच्या भावामार्फत जमैकाहून आलेली, तिथे लोक त्याचा काढा साखरेसाठी घेत. (आपल्याकडेही घेतात की! दर तिसऱ्या घरात एक आजोबा सकाळी सदाफुलीची पानं चावताना दिसतील.) उंदरांची साखर काही फारशी उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बिअर यांनी हे वाया जाऊ दिलं नाही. १९५८ मध्ये त्यातून व्हिन्ब्लास्टिन हाती आलं. पुढे व्हिन्क्रिस्टिन सापडलं आणि १९६३ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. तेव्हापासून आजपर्यंत लिम्फोमा आणि लहान मुलांच्या ल्युकेमियासाठी ते वापरात आहे.

आता खरी गंमत. हे औषध कॅन्सरच्या पेशीला 'मारतं' म्हणतात, पण ते बरोबर नाही. औषध पेशीला अडचणीत आणतं. मरायचं की नाही ते पेशी ठरवते.

हे कसं, ते सांगतो. जरा धीर धरा, डेटाबेस डिझाईनपेक्षा सोपं आहे.

पेशीचे दोन भाग होताना आत मायक्रोट्यूब्यूल नावाच्या नळ्यांची एक मांडणी उभी राहते, बांबूच्या परातीसारखी. व्हिन्क्रिस्टिन ती उभीच राहू देत नाही. पेशी मध्येच लटकते, ना इकडे ना तिकडे. आता पेशीच्या आत काही एन्झाइम्स असतात, त्यांचं कामच संकटाची घंटा वाजवणं. उष्णता, अतिनील किरण, विष, ऑक्सिडेशन, काहीही झालं की ती जागी होतात. त्यांतलं सगळ्यात प्रसिद्ध जेएनके. करतं काय? समोरच्या प्रोटीनवर ठराविक जागी फॉस्फेटचा एक छोटासा ठिपका चिकटवतं. बस. प्रोटीन तेच, पण ठिपका लागला की त्याचं वागणं बदलतं. आपल्या भाषेत, एक फ्लॅग ट्रू झाला. फ्लॅग पुसणारी दुसरी एन्झाइम्सही असतातच.

हा फ्लॅग कोणावर लागतो, ते महत्त्वाचं. पेशीत मरण अडवून धरणारं एक प्रोटीन आहे, बीसीएल-२. नावातलं 'बीसीएल' म्हणजे बी-सेल लिम्फोमाच! १९८४ मध्ये ते सापडलं ते या रोगातल्या तुटून भलत्या ठिकाणी जोडल्या गेलेल्या क्रोमोसोममध्ये. आधी सगळ्यांना वाटलं, हे पेशी वाढवणारं जीन असणार. १९८८ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं की ते वाढवत नाही, मरू देत नाही. म्हणजे कॅन्सर हा फक्त 'फार वाढणाऱ्या' पेशींचा रोग नाही, 'वेळ झाली तरी न जाणाऱ्या' पेशींचाही आहे. हे वाचलं तेव्हा मी खरंच खुर्चीत मागे टेकून बसलो.

बीसीएल-२ हा दारावरचा रखवालदार धरला, तर त्याला ढकलून बाजूला करणारी बिम, बीएमएफ अशी छोटी प्रोटीन्सही पेशीत आहेत. एरवी ती पेशीच्या सांगाड्याला बांधून ठेवलेली असतात, बिम तर त्या मायक्रोट्यूब्यूलच्या परातीलाच. २००३ मध्ये रॉजर डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की जेएनकेने यांच्यावर ठिपका लावला की ती सुटतात. तिकडे खुद्द बीसीएल-२ वरही ठिपके लागतात आणि त्याची पकड सैल होते. रखवालदार हलला की मायटोकॉन्ड्रियाला भोकं पडतात, आतलं सायटोक्रोम-सी बाहेर येतं आणि पेशी स्वतःला पद्धतशीर आवरून घेते. फुटत नाही, शेजाऱ्यांना त्रास देत नाही, बाड-बिस्तरा गुंडाळून जाते. याला अपॉप्टोसिस म्हणतात. हे नाव १९७२ मध्ये दिलं गेलं, मूळ ग्रीक शब्द, अर्थ पानगळ. किती नेमकं नाव! वाऱ्याने फांदी मोडणं वेगळं आणि झाडाने आपणहून पान सोडणं वेगळं.

जेएनके खरंच इतकं महत्त्वाचं आहे का? २००० सालचा प्रयोग आहे. उंदरांच्या ज्या पेशींमध्ये जेएनके मुळातच नव्हतं, त्यांच्यावर अतिनील किरण सोडले तरी त्या सहजी मेल्या नाहीत. नुकसान पोचलं होतं, घंटा वाजवणारं कोणी नव्हतं.

इथे एक 'पण' आहे. सगळं एकट्या जेएनकेचं श्रेय नाही. विभाजनात अडकलेल्या पेशीत सीडीके-१ नावाचं दुसरं एन्झाइमही बीसीएल-२ च्या घराण्यावर ठिपके लावतं. बीसीएल-२ वरच्या एकाच विशिष्ट जागी ठिपका लागला तर त्याची ताकद उलट वाढते, असंही आढळलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. घंटा थोडा वेळ वाजून थांबली तर पेशी डागडुजी करून जगते. वाजतच राहिली तर जाते. म्हणजे स्ट्रेस वाईट की चांगला, हा प्रश्नच चुकीचा. किती वेळ, कुठल्या पेशीत आणि कुठल्या ठिपक्यांसोबत, हा खरा प्रश्न.

आता माझ्या मूर्खपणाकडे येऊ.

दुसऱ्या फेरीनंतर मावशी अगदी गळून गेली. केस गेले, तोंडाची चव गेली, आणि व्हिन्क्रिस्टिनमुळे बोटांची टोकं बधिर झाली. (मज्जातंतूंमध्येही त्याच नळ्या असतात ना!) मावशीच्या फुलवाती म्हणजे आमच्या खानदानात नावाजलेल्या, एकसारख्या, मोगऱ्याच्या कळ्यांसारख्या. आता तिच्या बोटांना कापूस कळेना. ती काही बोलली नाही, कापसाचा डबा उचलून कपाटात ठेवला फक्त. मला ते बघवलं नाही.

मी ऑनलाईन शोधलं. 'केमोमुळे शरीरात निर्माण होणारा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी करा.' द्राक्षाच्या बियांचा अर्क, हाय पोटेन्सी, साठ कॅप्सूल. द्राक्षवाल्यांच्या घरात द्राक्षाच्याच बिया विकत आणल्या मी, साडेअठराशेला! वर मावशीला म्हटलं, "घे गं, नॅचरल आहे. शरीरावरचा स्ट्रेस कमी होईल." त्याच आठवड्यात एका नातेवाइकांनी फोनवर सदाफुलीचा काढा सुचवला. "औषध त्याचंच बनतं ना? मग थेट झाडच घ्या की." आणि तिसऱ्या एकांनी मावशीची द्राक्षं बंद केली, कारण कुठल्या तरी माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट खाऊ नये असं लिहिलं होतं. ग्रेपफ्रूट म्हणजे पपनसाच्या जातीचं आंबट फळ हो! ते काही औषधांचं शरीरातलं पचन अडवतं, म्हणून मनाई. द्राक्षाचा काय संबंध? पण निफाडची बाई महिनाभर द्राक्ष-बेदाणा न खाता बसली.

माझे डोळे उघडले ते पुन्हा रात्री वाचताना. पेशीतला एएसके-१ नावाचा घटक जेएनकेच्या वरच्या पायरीवर बसतो. त्याला थायोरेडॉक्सिन नावाचं प्रोटीन धरून ठेवतं. पेशीत ऑक्सिडेशन वाढलं की थायोरेडॉक्सिनची पकड सुटते, एएसके-१ मोकळा होतो आणि घंटा पुढे जाते. म्हणजे ज्याला मी 'स्ट्रेस' म्हणून हाकलायला निघालो होतो, तोच निरोप त्या कॅन्सरच्या पेशीपर्यंत पोचायला हवा होता! आर-चॉपमधलं लाल रंगाचं औषध डॉक्सोरुबिसिन, तेही इतर गोष्टींबरोबर ऑक्सिडेशन वाढवतं. आपण एका हाताने सलाईन लावतोय आणि दुसऱ्या हाताने घंटेत कापूस कोंबतोय की काय?

हे मी घरी कसं समजावणार? मावशी म्हणाली, "तूच आणलंस, आता तूच नको म्हणतोस." बरोबरच होतं तिचं.

समजलं ते काकांना, आणि एका मिनिटात. ऑक्टोबर होता, गोडी छाटणी चालू होती. आपल्या नाशकात द्राक्षवेलीला हवी तशी थंडी मिळत नाही, म्हणून छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत यासाठी काडीवर पेस्ट लावतात, हायड्रोजन सायनामाइडची. ही पेस्ट करते काय, तर डोळ्यातल्या कॅटलेज या एन्झाइमला दाबते. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड साचतं आणि डोळ्याला वाटतं आपल्यावर संकट आलं. २००० साली इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांना आढळलं की या पेस्टने द्राक्षाच्या डोळ्यात एका प्रोटीन कायनेजचं, म्हणजे ठिपके लावणाऱ्याच जातीच्या एन्झाइमचं, जीन जागं होतं. वनस्पतींमध्ये बीसीएल-२ नसतं, त्यामुळे ही गोष्ट हुबेहूब तीच नव्हे. पण काकांना तत्त्व पाठ आहे. पेस्ट कमी पडली तर डोळे मागेपुढे फुटतात, जास्त झाली तर जळतात. आणि ती विषारी आहे. ती लावणाऱ्याने हातमोजे घालायचे आणि आगेमागे दारूला शिवायचं नाही, नाहीतर अंगावर येतं. युरोपीय संघाने तर २००८ मध्येच तिची मान्यता काढली.

सगळं ऐकून काका म्हणाले, "म्हंजी पेस्ट लावायची आणि मागून बादलीनं धुवायची. मग फुटंल काय, कपाळ?"

कॅप्सूलची बाटली त्याच दिवशी बंद झाली.

आता माझं मत, ज्यासाठी एवढं पुराण लावलं.

पहिलं, मी असं म्हणत नाही की अँटिऑक्सिडंट कॅप्सूलने केमो निकामी होते हे सिद्ध झालंय. तसं नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या हजारावर रुग्णांचा एक अमेरिकी अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. केमोच्या आधी आणि केमो चालू असताना अशा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये रोग उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं, पण आकडा सांख्यिकीच्या कसोटीवर थोडक्यात कमी पडला. शिवाय तो निरीक्षणाचा अभ्यास होता, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे. पण दुसऱ्या बाजूला काय आहे बघा. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली होती. १९९४ मध्ये निकाल आला, तर बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त! 'कॅन्सर टाळेल' म्हणून दिलेली गोळी. तेव्हा 'नॅचरल आहे, फायदा नाही तर नाही, तोटा तरी काय' हा आपला लाडका युक्तिवाद टिकत नाही.

तुम्ही रिलीजच्या रात्री प्रॉडक्शनवर कोणीतरी फोनवर सुचवलेला पॅच टाकाल का? टेस्ट न करता, टीम लीडला न विचारता, 'ओपन सोर्स आहे, काही होत नाही' म्हणून? नोकरी जाईल. मग आपल्या मावशीच्या शरीरात आपण तेच का करतो?

काढ्याचं तर आणखी सरळ आहे. पानात अल्कलॉइड्स किती, हे पानागणिक बदलतं. ज्या गुणाने उंदरांच्या पांढऱ्या पेशी घसरल्या, तो गुण केमोने आधीच पांढऱ्या पेशी घसरलेल्या माणसाला वाटीने पाजायचा? सदाफुलीतून औषध बनतं, हेच सदाफुली चावू नये याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

दुसरं, आणि हे मला जास्त टोचतं. आपण हे का करतो? अज्ञानाने? मी रात्र रात्र वाचणारा माणूस, तरी कॅप्सूल मीच आणली. खरं कारण हे की आपल्याला काहीतरी करायचं असतं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांना द्यायला चार मिनिटं असतात, त्यात रिपोर्ट, डोस, पुढची तारीख. कॅप्सूल विकणाऱ्याकडे वेळच वेळ असतो. तो आशा विकतो, घरपोच. तिसऱ्या फेरीला मी बाटली घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लेबल वाचलं, म्हणाले, "बंद केलंत ते बरं केलंत. पण हे आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "कोणी विचारलंच नाही." ते गप्प झाले. मीही. चूक माझी होतीच, पण केमोआधी भरून घेतलेल्या चार पानी फॉर्मवर 'याशिवाय आणखी काय काय घेता?' एवढी एक ओळ असती, तर?

म्हणून माझी सूचना साधी आहे. घरात कोणाची केमो चालू असेल, तर एक कागद घ्या. गोळ्या, काढे, चूर्ण, कॅप्सूल, आज्जीचं चाटण, सगळं त्यावर लिहा. लाजू नका, काहीच 'किरकोळ' म्हणून वगळू नका. तो कागद पुढच्या फेरीला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका. ताटातल्या फळं-भाज्यांबद्दल मी बोलत नाहीये. द्राक्षं धुऊन, डॉक्टरांना विचारून, खुशाल खा.

आणि रांगेतल्या त्या तीन पोरांना? पेशीवरून माणसाबद्दल निष्कर्ष काढणं हा थोडा आगाऊपणाच, त्यामुळे डेडलाईनवर मी प्रवचन देणार नाही. पण 'सगळे रोग स्ट्रेसनेच होतात' हे वाक्य आजारी माणसासमोर बोलू नका एवढंच. मावशीला दोन जणांनी विचारलं होतं, "फार टेन्शन घ्यायचात का हो तुम्ही?" जणू गाठ तिच्याच चुकीने आली. एका क्रोमोसोमचा तुकडा तुटून भलतीकडे जोडला जातो, त्यात त्या बाईचा काय दोष?

सहावी फेरी डिसेंबरात झाली. त्यानंतरचं स्कॅन चांगलं आलं, तूर्त तरी. ते कॅप्सूल बंद केल्यामुळे आलं असं मी म्हणणार नाही, श्रेय औषधांचं आणि तिचं.

मागच्या महिन्यात निफाडला गेलो होतो. ओट्यावर मावशी कापसाचा डबा घेऊन बसली होती. वाती वेड्यावाकड्या, एक जाड, एक रोड. मी एक उचलून बघितली तर म्हणाली, "हसू नकोस. पेटतात."

कॅप्सूलची उरलेली बाटली अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. बेचाळीस शिल्लक आहेत. टाकून द्यावीशी वाटत नाही, आठवण म्हणून राहू दे.